टिपणिसांची बोटीतून आलेली गाडी

मधुकर टिपणीस आपली टिंगल दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. ते काम त्याने स्वतःकडेच ठेवलं होतं. वर्तकनगरच्या वसाहतीत सकाळी जिना उतरताना कुणी त्याच्याकडे बघून हसायच्या आत तोच सुरू व्हायचा, "बघा, शर्ट दांडीवर वाळत घातलाय, आणि दांडी निघाली ऑफिसला." मधु इतका बारीक होता की यात खोटं काहीच नव्हतं. खाली गेल्यावर स्कूटर तिरकी करायचा, पुन्हा सरळ करायचा, दहा किका मारायचा आणि म्हणायचा, "माझीच बहीण आहे ही. आधी वाकायचं, नमतं घ्यायचं, मग कुठे आवाज फुटायचा." लोक हसायचे. मधुला वाटायचं, चला, आजचं झालं. आपण आपल्याला एवढं बोलून घेतलं की लोकांना बोलायला उरतं काय?

कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. तिथेही हेच. बढती हुकली तेव्हा पेढे वाटल्यासारखा टेबलाटेबलावर जाऊन सांगून आला, "साहेबांना माझं नाव आठवलं होतं हो, चेहरा आठवेना."

फक्त एका बाबतीत तो स्वतःवर विनोद करत नसे, ती बाब म्हणजे गाडी. साधीसुधी नव्हे, जुनी. फुगीर मडगार्डांची, बाहेर आलेल्या बटबटीत दिव्यांची, दाराखाली पाय ठेवायला फळी असलेली. कॅलेंडरांतून कापलेली असली चित्रं त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. ऑफिसला जायच्या घाईत तो कपाट उघडून उभा राहिला की स्वयंपाकघरातून सरोजचा आवाज यायचा, "अहो, रुमाल सापडला का? की गॅरेजमधून बाहेरच यायचं नाहीये आज?"

सरोज त्याची बायको. माहेर डोंबिवलीचं, कोपर रोडचं. घरात दोघंच. तिचा धाकटा भाऊ परशुराम मालवाहू बोटीवर नोकरीला होता आणि वर्षातून एकदा आई-बहिणीसाठी परदेशी साबण, परदेशी पावडर आणि कशालाच न लागणारा परदेशी प्लग घेऊन यायचा.

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत एका रविवारी पहिल्या मजल्यावरून सुमतीबाई परांजप्यांची हाक आली.

"सरोऽऽज! जपान आला आहे! फोनवर!"

सुमतीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, इमारतीच्या सेक्रेटरी, आणि इमारतीतल्या एकुलत्या एक फोनच्या मालकीण. फोनला क्रोशाचं झाकण आणि डायलला कुलूप. सरोज भाजी आणायला गेली होती, म्हणून मधु धावला. सुमतीबाई हातभर अंतरावर वर्तमानपत्र उघडून बसल्या. आपण ऐकत नाही हे समोरच्याला कळावं म्हणून त्या पान उलटायच्या, पण तेही आवाज होणार नाही अशा बेताने.

"हॅलो, परशुराम! बोल! मी मधु!" मधु ओरडला. जपान लांब असल्यामुळे ओरडणं भागच होतं.

"भावजी! तुमच्यासाठी एक मस्त... खर्रर्र... बोट आहे! गाडी... खर्रर्र... ते!"

आता इथे सांगून टाकायला हवं की परशुराम पलीकडून म्हणाला होता, "रोबोट आहे, गाडी होते." पण 'रो' समुद्रात पडला आणि 'हो' खरखरीत गेला. मधुच्या कानात उतरलं ते 'बोट आहे, गाडी येते'. आणि खरं सांगायचं तर 'रो' धडधाकट पोचला असता तरी मधुला त्याचं काय करावं हे कळलं नसतं. असल्या वस्तूला त्याच्या माहितीत यंत्रमानव म्हणत, आणि तो फक्त मुलांच्या मासिकात असे.

"बोट आहे ते माहितीये रे, तू बोटीवरच असतोस! गाडीचं काय म्हणालास?"

"गाडी हो! जुन्या टाइपची! तुमच्या कपाटातल्यासारखी! क्लासिक!"

मधुने फोनचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "गाडी? माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी! छोटी आहे जरा, पण सगळी मेटलची! दोन बोटांनी वळते!"

"पॉवर स्टिअरिंग!" मधु सुमतीबाईंकडे बघून कुजबुजला. त्यांनी न ऐकल्यासारखी मान डोलावली.

"ठेवायला जागा आहे ना, भावजी? फार नाही लागत!"

"करतो रे! खाली जांभळाखाली करतो!"

"जांभळाखाली कशाला? घरातच... खर्रर्र..." आणि जपान बुडाला.

सुमतीबाईंनी पेपर नीट घडी करून ठेवला. "मी काही ऐकलं नाही हं, टिपणीस. परंतु जुनी गाडी म्हणजे इंजिन पाहून घ्यावं. आणि तुम्ही पॉवर म्हणताना 'व्ह' म्हणता. 'व' म्हणावं."

संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर गाडी आली होती. दुसऱ्या मजल्यावर ती जर्मन झाली, तिसऱ्यावर दोन झाल्या.

सरोज मात्र भाजीची पिशवी ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "परश्या? गाडी? अहो, गेल्या खेपेला त्याने आईला छत्री आणली, ती उघडते पण मिटत नाही. आई ती दारातून आत घेऊ शकत नाहीये अजून."

"बोटीतून येतेय गं. बोटीवरच्या माणसाला काय, एक कोपऱ्यात ठेवून द्यायची."

"तो कोळसा भरतो त्या बोटीत."

"मग धुऊन घेऊ."

पुढचे काही आठवडे मधुच्या आयुष्यात जे घडलं ते पूर्वी कधी घडलं नव्हतं. तोवर त्याला शेजारी 'मध्या' म्हणायचे, नाहीतर 'अरे टिपण्या'. आता एका सकाळी तळमजल्यावरच्या वकिलाने दात घासता घासता, तोंडात फेस असताना, "काय मधुकरराव!" अशी हाक मारली. मधुने मागे वळून पाहिलं, मधुकरराव कोण आलेत म्हणून. मागे कुणी नव्हतं.

मधुकरराव. दिवसभर गोळी चघळावी तसा तो ते नाव तोंडात घोळवत राहिला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सवयीने "काय, शर्ट निघाला वाटतं?" म्हणालं, तेव्हा मधु गंभीर होऊन उत्तरला, "अंगासरसे दोन शिवायला टाकलेत. गाडीत बसायला बरे पडतात." विचारणारा चपापला. मधुने स्वतःवर विनोद करणं बंद केलं. हसण्यासारखं अजूनही पुष्कळ होतं, पण मधुकररावांना ते शोभलं नसतं.

सुमतीबाईंनी सभा बोलावली. जांभळाखाली बायका पापड वाळत घालायच्या, ती जागा टिपणिसांच्या वाहनाला द्यावी, असा विषय. पापडवाल्या बायकांनी जरा कुरकुर केली. मग सुमतीबाई म्हणाल्या, "आपल्या इमारतीत चारचाकी येत आहे. वसाहतीतली पहिली. पापड गच्चीवरही वाळतात. गाडी गच्चीवर जात नाही." ठराव मंजूर.

आता अडचण एकच होती. मधुला गाडी चालवता येत नव्हती.

कारखान्याचा टेम्पो चालवायचा काळुराम. कोलशेत गावातला कोळी, घरी दोन होड्या. काळुरामच्या तोंडात 'ड' क्वचितच टिके, बहुधा त्याचा 'र' होऊन बाहेर पडायचा. जेवणाच्या सुट्टीत तो मधुला खाडीच्या रस्त्यावर शिकवायला न्यायचा.

"सायब, कलच हलू सोरा! गारी हाय ती, उरी मारते!"

टेम्पो उडी मारून बंद पडायचा.

"पुना! आता गिअर टाका. तो नाय! तो रिवस हाय! मागं खारी हाय, सायब, खारी!"

"खारी म्हणजे बिस्किट?" मधुला घाम फुटलेला.

"पानी! पानी!"

मधुने ब्रेक दाबला. मागे चार हातांवर खाडी होती. काळुरामने देवाचं नाव घेतलं, बिडी पेटवली आणि विचारलं, "आन ती गारी बोटीवून उतरवनार कोन?"

"क्रेन असते ना."

"क्रेनवाले दांडे लावतान, रंग जातो. मी सांगतो. बोट बंदरान आली क मी मामाची मोठी होरी घेऊन जातो. गारी होरीन उतरवायची, वर तारपत्री टाकायची, खारीनं सरल कोलशेतला. ना रस्ता, ना पोलीस."

"होडीत गाडी मावेल?"

"आमी दोन म्हशी आनल्यान एकदा."

मधुने यावर खरोखर विचार केला. रात्री सरोजला विचारलंही. ती म्हणाली, "म्हशींना पोहता येत होतं."

मार्चमध्ये परशुराम आल्याचा निरोप आला. आपण कोपर रोडला घरी पोचलो आहोत, गाडी आणली आहे, घेऊन जा. मधुला होडीची गरज उरली नाही याचं वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही. रविवारी दुपारी काळुराम टेम्पो घेऊन आला. पहिल्याच दिवशी मधुने गाडी हाकू नये, येताना गाडी काळुराम आणेल आणि टेम्पो काळुरामचा भाऊ, तो डोंबिवलीतच असतो, असं ठरलं. सरोज झेंडूचा हार मांडीवर घेऊन मध्ये बसली. निघताना सुमतीबाई गॅलरीतून म्हणाल्या, "पाच वाजता औक्षणाचं ताट तयार ठेवते. सगळ्यांना सांगितलं आहे. सावकाश या."

कोपर रोडच्या गल्लीत वळले आणि मधुला ती दिसली. परशुरामच्या घरासमोर, नारळाच्या सावलीत. काळी, गोल पाठीची, फुगीर मडगार्डांची. एका बाजूने जरा चेपलेली.

"सरोज," मधु म्हणाला आणि त्याने दाराची कडी उघडली.

टेम्पो थांबायच्या आत त्याने उडी मारली. हार घेतला, बॉनेटवरून अंथरला, दोन्ही टोकं आरशांना अडकवली. मग दोन पावलं मागे गेला, चपला काढल्या आणि हात जोडले. डोळे उघडले तर समोर एक गृहस्थ, गळ्यात स्टेथोस्कोप.

"काय हो, बरं नाही का?"

"गाडी... आमची..."

"ही माझी आहे. व्हिजिटला आलोय इथे. कोण गेलं काय?" डॉक्टरांनी हाराकडे बघून आवाज खाली आणला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून परशुराम ओरडला, "भावजी! वर या ना! गाडी वर आहे!"

"वर?" काळुराम म्हणाला. "माल्यावर चरवली कशी?"

वरच्या खोलीत, सासूबाईंच्या शोकेसवर, उघड्या छत्रीच्या सावलीत ती उभी होती. हातभर नव्हे, वीतभर. निळी. फुगीर मडगार्ड होती, बाहेर आलेले दिवे होते, दाराखाली फळीसुद्धा होती. कुठल्याही कॅलेंडरात छापावी इतकी सुंदर गाडी.

काळुरामने कमरेत वाकून ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "येवरीशी?" तो म्हणाला. "सायब, ही तं डब्यान मावते."

"रोबोट आहे ना!" परशुराम खुशीत म्हणाला. "फोनवर सांगितलं की. आता बघा." त्याने गाडी उचलली, मागचा भाग खेचला, दारं फिरवली, टप उलटा केला, आतून एक डोकं वर काढलं, आणि शोकेसवर एक निळा माणूस उभा राहिला. छातीवर दिवे, दंडांवर चाकं. "रोबोट! रोबोटची गाडी, गाडीचा रोबोट!"

"तू बोट म्हणालास," मधु म्हणाला.

"रो-बोट."

"रो नावाची बोट?" काळुरामने विचारलं.

सरोजने तोंडाला पदर लावला होता. ती रडतेय की हसतेय ते तिलाही कळत नव्हतं. परशुरामला सगळा प्रकार समजायला थोडा वेळ लागला. जांभूळ, ठराव, औक्षण हे ऐकताना त्याचं तोंड उघडं पडत गेलं. मग तो जवळ सरकून म्हणाला, "भावजी, सोप्पंय. कस्टमने अडवली म्हणून सांगा. कस्टमच्या नावावर काहीही खपतं. लोक उलट हळहळतील."

परतताना टेम्पोत मधुच्या मांडीवर गाडी आणि गाडीवर डॉक्टरांकडून परत मागून घेतलेला हार. शिळफाट्याला काळुराम म्हणाला, "सराव करून घ्या, सायब. मी सुमतीबाय. काय वो टिपनीस, गारी कुटं हाय?"

"कस्टममध्ये अडकलीय," मधु म्हणाला.

"कनच्या कष्टममदी?"

"मुंबईच्या."

"का अरकली?"

"कागद कमी पडले."

"कनचे कागद? माजा पुतन्या तिथंच हाय. नंबर सांगा, उद्या सोरवतो."

"तिचा पुतण्या आहे तिथे?"

"मना काय ठावं! पन असला तं?"

सरोज इतका वेळ रस्त्याकडे बघत होती. ती तशीच बघत म्हणाली, "एकदा अडकली म्हटलं की रोज विचारणार, सुटली का. जिन्यात विचारणार, दळण आणताना विचारणार. तुम्ही किती दिवस अडकून राहणार?"

मधुला मधुकरराव डोळ्यांसमोर दिसत होता. अंगासरसा शर्ट घातलेला, जिना सावकाश उतरणारा. कस्टम म्हटलं तर त्याला अजून महिना-दोन महिने जगवता येणार होतं. न म्हटलं तर तो मुंब्र्याच्या पुढे येणारच नव्हता. मधुने गाडीची चाकं बोटाने फिरवून पाहिली. फार छान फिरत होती.

वर्तकनगरला टेम्पो वळला तेव्हा जांभळाखाली सगळी इमारत उभी होती. जमीन सारवलेली, भोवती रांगोळी, ती चांगली मोठ्या गाडीच्या मापाची. वकील इस्त्रीचा सदरा घालून पुढे. सुमतीबाई जरीकाठाची साडी नेसून, हातात ताट, ताटात निरांजन. सगळ्यांनी टेम्पोच्या मागे पाहिलं. मग त्याच्याही मागे, रस्त्यावर.

"मधुकरराव, कुठेय?" वकिलाने विचारलं.

मधु उतरला. काळुरामने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मधुने तोंड उघडलं, 'क' म्हटला, आणि पुढचं 'स्टम' काही बाहेर पडेना. तो चालत रांगोळीपर्यंत गेला, ती ओलांडली, बरोबर मध्यभागी वाकून ती वीतभर गाडी ठेवली आणि सरळ उभा राहिला.

"ही," तो म्हणाला. "मी फोनवर चुकीचं ऐकलं. मेव्हण्याने बरोबर सांगितलं होतं. खेळणं आहे. तुमची पापडाची जागा घेतली, माफ करा."

आता हसतील म्हणून त्याने मान खाली घातली. कुणी हसलं नाही.

"छान आहे हो," एक बाई हळूच म्हणाली. "रंग चांगला आहे."

"कव्हर शिवून घ्या," दुसरी म्हणाली. "धूळ बसते."

"येईल येईल, मोठीही येईल," वकील म्हणाला आणि मधुच्या खांद्यावर थोपटलं. "मनाला लावून घेऊ नका, मधुकरराव."

अजून मधुकरराव! आजाऱ्याला भेटायला यावं तशी सगळी इमारत हळू आवाजात बोलत होती. मधुला वाटलं, त्या डॉक्टरांना इथे बोलवायला हवं होतं. जन्मभर लोकांनी आपणहून हसू नये म्हणून जपलं, आणि आज ते हसत नाहीत तर उभं राहवत नाही.

"थांबा," तो म्हणाला, "हिची अजून एक गंमत आहे. ही माणूस होते." तो उकिडवा बसला. परशुरामने केलं होतं तसं मागचा भाग खेचला. दारं फिरवली. एक पाय बाहेर आला. दुसरा येईना. टप उलटा करायला गेला तर तो तिरपा होऊन बसला. मधुने जोर लावला. मडगार्ड वर गेलं, हात खाली आला, आणि गाडी तिथेच अडकली. पुढून गाडी, मागून एक लंगडा. ना उघडे ना मिटे.

मधुने ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

"घ्या," तो म्हणाला. "इतके दिवस आरशात बघतोय, पण एवढं हुबेहूब नव्हतं दिसलं. गाडी व्हायला निघाला, माणूसही राहिला नाही. आणि वर अंगासरसा शर्ट शिवायला टाकलाय!"

पहिला वकील फुटला. त्याचं हसू नाकातून आलं. मग पापडवाल्या बायका, मग गॅलऱ्या. काळुराम टेम्पोतून ओरडला, "सायब, रिवस टाका, रिवस!" सरोज हसताना रांगोळीवरच बसली. "टिपण्या, लेका, मी दोन महिने तुला राव म्हणतोय रे!" वकील डोळे पुसत म्हणाला. मधुही हसत होता. त्याला इतकं हलकं वाटत होतं की शर्टात कुणी उरलंय की नाही याची शंका यावी.

हसल्या नाहीत त्या फक्त सुमतीबाई. त्या ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. हसणं ओसरायची वाट पाहून त्या रांगोळीत आल्या आणि म्हणाल्या, "टिपणीस, निरांजन लावलेलं आहे. ते तसंच परत नेत नाहीत. मला एवढंच सांगा, कुंकू लावायचं कुठे? वाहन असेल तर बॉनेटला लावावं. माणूस असेल तर कपाळाला."

मधुने खेळणं फिरवून फिरवून पाहिलं. "बाई, कपाळ नाहीये. डोकं आतच राहिलं."

"मग?"

मधुने क्षणभर विचार केला आणि स्वतःचं पुढे केलं. सुमतीबाईंनी ताट सरोजच्या हातात दिलं, बोट कुंकवात बुडवलं आणि त्याच्या कपाळावर मोठं, ठसठशीत, मधोमध टेकवलं.

"हलू नये," त्या म्हणाल्या. "अक्षता राहिल्या आहेत."